तीन पैलवानांवर बसवलेले दिवे

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि शाई फाकलेले, तिरपे छापले गेलेले कागद घरी आणायचे. फडताळात तेच अंथरलेले, पावसाळ्यात खिडकीच्या फटीत कोंबलेले तेही तेच. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती डाळीच्या डब्याखालून. अर्धं वाक्य डब्याखाली आणि अर्धं बाहेर, म्हणून "बंधूंनो, उठा आणि" एवढंच कितीतरी दिवस मला पाठ होतं. उठून करायचं काय ते तूरडाळ संपल्यावर कळलं.

विशीत आलो तोवर मला साधं बोलणं जमेनासं झालं होतं. चहा हवा असला तरी माझ्या तोंडून आधी परिस्थितीचं वर्णन निघे, मग अन्यायाचं आणि शेवटी चहाचं. आई म्हणायची, "मागणी मान्य हाय. कप घे आन् गप बस."

कोल्हापूर संस्थान विलीन झालं तेव्हा मी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पण माझे मामा एका सरदारांकडे मोटार चालवत होते, आणि सरदारांचं वैभव गेलं की त्यांचा ड्रायव्हरही जातो, एवढा साधा हिशोब मी टाळ्या वाजवताना केला नव्हता. सरदारांनी मोटारी कमी केल्या, माणसं कमी केली आणि मामांना निरोप देताना सर्वांत जुनी गाडी देऊन टाकली. लढाईच्या कितीतरी आधीची विलायती गाडी. बैलगाडीएवढं लांब बॉनेट आणि त्याच्या दोन बाजूंना पितळी कडीचे, परातीएवढे दोन दिवे.

मामांना तिची टॅक्सी करायची होती. कोल्हापूर ते नृसिंहवाडी. गुरुवारी आणि पौर्णिमेला दत्ताच्या दर्शनाला माणूस तुटून पडतो, तेव्हा गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. तोटा होता तो परवान्याचा. परवाना हवा तर गाडी सरकारी तपासणीत पास व्हायला हवी. मामांना मोटार चालवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि पंचेचाळिशीत शिकायची इच्छाही नव्हती. गाडी पास झाली तर घर चालणार होतं, नाही तर मामी माहेरी जाते म्हणाल्या होत्या. मामींचं माहेर आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून होतं, पण त्या ज्या आवाजात ते म्हणत त्यावरून ते काशीला असावं असं वाटे.

पहिल्या तपासणीला अर्ज मी लिहून दिला. मामा म्हणाले होते चार ओळी लिही. मी पाच पानं लिहिली. नव्या राज्यात श्रमणाऱ्या माणसाचं स्थान काय, इथपासून सुरुवात होती, आणि शेवट होता: "कायद्याच्या एका अक्षरापलीकडे ही गाडी एक पाऊलही टाकणार नाही." गाडीला पाऊल नसतं हे वडिलांनी दाखवून दिलं, पण तोवर अर्ज आत गेला होता.

इन्स्पेक्टर पुण्याकडून बदलून आलेले, सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ होते. इंजिन पाहिलं, ब्रेक पाहिले, मान डोलावली. मग दिवे लावायला सांगितले. दोन्ही दिवे लागले, पण असे की ते लागलेत की नाही हे बघायला काडी ओढावी. मग त्यांनी हॉर्न वाजवायला सांगितला. हॉर्न वाजला आणि डावा दिवा विझला. हॉर्न थांबला, दिवा लागला. त्यांनी तीनदा वाजवायला लावून खात्री करून घेतली.

"म्हणजे समोरच्याला एक तर ऐकू येईल नाहीतर दिसेल," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी दिवेलागणीच्या सुमारास पुन्हा या, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. त्या दिवशी दिवे पास झाले नाहीत तर अर्ज निकाली, आणि परवाना यादीतल्या पुढच्या माणसाला.

कचेरीबाहेर चिंचेखाली एक एजंट बसायचा. धोतर, काळी टोपी, मांडीवर पत्र्याची पेटी. त्याने मामांना हाक मारून जवळ बोलावलं आणि सांगितलं की दिव्यांना हात लावायचं काही कारण नाही, आतल्या माणसांचं तो बघतो, तुम्ही फक्त चहापाण्याचं बघा. मामांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तेवढ्यात मी तिथे पोचलो.

मी काय काय बोललो ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी पेटीवर उभा होतो, एजंटच्या पेटीवर, आणि त्याला जनतेच्या रक्तावर पोसलेली जळू म्हणालो. माणसं जमली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. एजंटने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी पेटीवरून उतरा, झाकण वाकतंय, एवढंच म्हणाला. मामांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला.

घराच्या दारात मामा म्हणाले, "पुढारी, आता दिवं तूच पेटव."

माझं म्हणणं आजही तेच आहे: लाच देऊन पास झालेला दिवा रस्त्यावर उजेड पाडत नाही. पण त्या दिवशी मला हेही कळलं की भाषण देऊनही पडत नाही. म्हणून मिस्त्री शोधायला निघालो.

जो सापडला तो मूळचा बैलगाड्या करणारा सुतार. मोटारी वाढल्या तसा तो मोटारींकडे वळला होता. त्याची शेड एका तालमीच्या भिंतीला लागून होती. एकीकडे हातोडीचा आवाज, दुसरीकडे जोर काढणाऱ्यांचे हुंकार, आणि दोन्हीकडे सारखाच घाम. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून तारा ओढून पाहिल्या आणि मला विचारलं, "पावणं, ह्या गाडीत उंदरं किती सालापास्नं हायत?"

हॉर्नचा घोळ त्याने एका दुपारात काढला. सरदारांच्या काळात कुणीतरी हॉर्नची तार दिव्याच्याच गंजलेल्या बोल्टाला बांधून टाकली होती. तिथून एकाच वेळी दोघांचं पोट भरत नव्हतं. उंदरांनी खाल्लेल्या तारा काढून त्याने नव्या घातल्या, आणि डावा दिवा पहिल्यांदाच हॉर्नला न घाबरता जळत राहिला.

पण उजेड पिवळाच. दिव्याच्या आतला आरसा, ज्याला ते रिफ्लेक्टर म्हणतात, तो काळवंडला होता. तेव्हा मामांनी कबूल केलं की पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही आरशांना गल्लीतल्या कल्हईवाल्याकडून कल्हई लावून घेतली होती. कल्हईवाल्याने ती पातेल्याला लावतो तशी लावून दिली, आणि आता ह्यात आंबट ठेवायला हरकत नाही असंही सांगितलं.

चांदीचं पाणी द्यायला हवं होतं. आमच्याकडे चांदी म्हणजे हुपरी. दोन्ही आरसे जुन्या धोतरात गुंडाळून मी बसने हुपरीला गेलो. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी गाठोड्यात काय आहे, विचारलं. मोटारीचे दिवे म्हटल्यावर त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या, जणू लग्नाची ताटं चोरून विकायला निघालेला मुलगा याहून बरं खोटं बोलू शकला असता. तिथला कारागीर पैंजण घडवणारा. त्याने आरसा डोक्याएवढा उंच धरून त्यात आपलं उलटं तोंड पाहिलं, काम घेतलं आणि काठावर वेलबुट्टी काढू का असं विचारलं. मी त्याच्याशी दागिन्यांवर होणाऱ्या समाजाच्या उधळपट्टीबद्दल बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि वेलबुट्टीचे जास्त लागतील असं सांगितलं.

ते आरसे बसवले तेव्हा दिव्यातून असा पांढरा उजेड आला की मिस्त्री मागे सरकला. आता फक्त उजेड नेमका कुठे पडावा ते ठरवायचं होतं. दिव्याखालचा नट सैल केला की दिवा वर-खाली होई. मी कचेरीतून नियमांचं चोपडं मिळवलं होतं. गाडी भिंतीपासून किती लांब, रेघ किती उंच, सगळं फितीने मोजून मी तालमीच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारली. उजेडाची वरची कड त्या रेघेवर यायला हवी, वर गेली तर समोरच्याच्या डोळ्यात, खाली गेली तर पुढचं दिसत नाही.

मी नट फिरवायला सांगणार, तर मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"रिकाम्या गाडीवर?" तो म्हणाला. "खुळं का काय? गाडी भरल्याबिगर तिचा तोल कळतोय व्हय?"

बैलगाडीचा त्याचा जन्माचा अनुभव. मागे ओझं पडलं की गाडी मागे बसते, पुढचा भाग वर उठतो आणि दिवे आभाळाकडे बघू लागतात. तेव्हा दिवे भरल्या गाडीवरच लावायचे. मला हे पटलं. नुसतं पटलं नाही, श्रमातून आलेलं ज्ञान पुस्तकी ज्ञानापेक्षा कसं श्रेष्ठ, यावर मी तिथेच दोन वाक्यं बोललो. मिस्त्री भिंतीपलीकडे हाक मारून तीन पैलवान घेऊन आला.

ते लंगोटावरच आले, अंगाला कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती. मामांनी सरदारी गाद्यांवर पोती अंथरली. तिघं मागे बसले आणि गाडी हत्ती बसावा तशी बसली. मिस्त्री एकेक नट फिरवत होता. पैलवानांपैकी एकाने गाडी वाडीला जाणार का विचारलं. आज नाही म्हटल्यावर तो खट्टू झाला, पण उतरला नाही. तासाभराने उजेडाची कड कोळशाच्या रेघेवर अशी बसली की केस मावणार नाही. मी मिस्त्रीचा हात हातात घेऊन दाबला. मामाही खूश होते, आणि मामा जरा जास्तच खूश होते, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही कचेरीच्या आवारात हजर झालो. मामांनी सरदारांकडचा खाकी कोट घातला होता, पितळी बटणं घासून. मिस्त्री आपलं काम बघायला बरोबर आला होता. धान्याच्या गोदामाची पांढरी भिंत समोर होती. इन्स्पेक्टरांनी स्वतः मोजून खडूची रेघ ओढली. चिंचेखाली एजंट पेटी घेऊन बसलाच होता.

हॉर्न वाजला, दोन्ही दिवे जळत राहिले. इन्स्पेक्टरांनी डोळ्यांवर हात धरला आणि आरशांना चांदी कुठे दिली विचारलं. हुपरी म्हटल्यावर त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, "उजेड छान आहे. पण कुठे आहे?"

उजेड भिंतीच्या पायथ्याशी होता. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. ते उठलं, आमच्याकडे अपमानाने पाहिलं आणि अंधारात निघून गेलं.

मामा म्हणाले, "गाडी रिकामी हाय, सायेब. मानसं बसली की दिवं वर बघत्यात."

इन्स्पेक्टरांना हे रास्त वाटलं. अर्ज किती प्रवाशांचा, त्यांनी विचारलं. चार, मामा म्हणाले. मग चार बसवा. मी बसलो, मिस्त्री बसला, कचेरीतला शिपाई पुढे बसला. चौथा कुणी मिळेना. तेव्हा एजंट चिंचेखालून आपण होऊन उठला, धोतर झटकत आला आणि माझ्या शेजारी वाकून म्हणाला, "जळूला जागा हाय न्हवं?"

मी सरकलो. उजेड भिंतीवर चढला आणि रेघेखाली दोन विती थांबला.

इन्स्पेक्टरांनी स्वतःच्या हाताने त्या विती मोजल्या. "पाचवा बसवा," म्हणाले. आतला कारकून आला. तो अंगाने भरलेला होता. त्याला जागा द्यायची तर एजंटला माझ्या मांडीवर बसण्यावाचून इलाज नव्हता. उजेड एक वीत चढला. "सहावा." रस्त्याने वैरणीचा भारा घेऊन जाणाऱ्या एका शेतकऱ्याला शिपायाने हाक मारली. गाडी कुठं निघाली, त्याने विचारलं. कुठंच नाही म्हटल्यावर म्हणाला, "न्हाई गेली तरी बसतो की," आणि भारा भिंतीशी टेकून आत शिरला.

उजेडाची कड आणि खडूची रेघ एकावर एक आली.

"बघा सायेब," माझ्या कानाशी दबलेला मिस्त्री अभिमानाने म्हणाला, "तंतोतंत."

गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. काहींना घेता येत नव्हता. इन्स्पेक्टर खिडकीशी आले. "म्हणजे हे दिवे सहा माणसांवर बसवलेत. आणि अर्ज चारांचा." त्यांनी फाइल उघडून माझ्या पाचव्या पानावरचं शेवटचं वाक्य सावकाश वाचलं. "हे कुणाचं?"

एजंटच्या काखेखालून मी हात वर केला. तेव्हा मला उमगलं की मामांचा बेत पहिल्यापासून सहाचा होता. मिस्त्रीलाही ते माहीत होतं. कोल्हापुरात सगळ्यांना माहीत होतं की टॅक्सी चारांची म्हणतात आणि सहांची चालवतात. फक्त फीत हातात धरून रेघ मारणाऱ्याला ते माहीत नव्हतं.

"दिवे लावताना तुम्ही होतात?"

मामा समोरच्या आरशातून माझ्याकडे बघत होते. एजंट मांडीवरून किंचित मागे वळला आणि ओठ न हलवता म्हणाला, "सांगा, पाटं नवी घातल्यात, अजून बसली न्हाईत म्हणावं." गाडीच्या पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांवर, दोष ढकलणारं हे खोटं चांगलं होतं, खपण्यासारखं होतं आणि त्याने ते फुकट दिलं होतं. मामांचं घर, मामींचं माहेर, सगळं त्या एका वाक्यावर होतं. मी तोंड उघडलं आणि सरळ बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच प्रस्तावनेशिवाय.

"होतो. तीन पैलवान मागे बसवून लावले."

मामांनी डोळे मिटले.

"केवढाले पैलवान?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"धाकटाच अडीच मण हाय, सायेब," मिस्त्रीला राहवलं नाही.

इन्स्पेक्टरांनी तेही वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, "प्रवासी किती घेणार ते खोटं सांगणारे मला रोज भेटतात. पैलवानांसकट सांगणारा पहिलाच." त्यांनी कारकुनाला आणि शेतकऱ्याला उतरवलं. मिस्त्रीला पाना घ्यायला सांगितलं. चारांवर लावा, इथे, माझ्यासमोर. मिस्त्री उतरल्यावर एक माणूस कमी पडला, तर ते स्वतः दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला एजंट, मध्ये मी. इंजिन मंदावलं की दिवे मिणमिणत, म्हणून मामा पाय दाबून इंजिन घुमवत होते आणि आम्ही सगळे धुरात बसलो होतो. इन्स्पेक्टरांनी रुमाल काढायला खिशात हात घातला, तर मिस्त्री बाहेरून ओरडला, "पावणं, हलू नका, उजेड हलतोय."

ते हलले नाहीत. वीस मिनिटांनी कड रेघेवर आली. त्यांनी आत जाऊन शिक्का मारला आणि कागद मामांच्या हातात देताना एवढंच सांगितलं की चारांच्या वर एक जरी बसला तरी दिवे वर बघतील, तेव्हा मोजायला मला यायची गरज पडणार नाही.

मामांनी ते खरं मानलं नाही. पहिल्याच गुरुवारी परतताना त्यांनी सहा बसवले. शिरोळच्या अलीकडे रस्त्याकडेच्या वडात उजेड घुसला आणि झोपलेले कावळे उठून सगळा परिसर डोक्यावर घेऊ लागले. समोरच्या सायकलवाल्याने डोळे झाकून सायकल चरात घातली आणि मामांच्या सात पिढ्या काढल्या. नाक्यावरचा हवालदार गाडी दिसायच्या आधी रस्त्यात येऊन उभा होता. त्यानंतर मामा चारांवर आले. मिस्त्रीकडे जाऊन पुन्हा दिवे खाली करून घेता आले असते, पण मिस्त्रीने नकार दिला. साहेबांच्या समोर लावलेले दिवे आहेत, म्हणाला, आता त्यांना हात लावायला साहेबांनाच घेऊन या. परवाना होता, तो जायला नको होता, आणि चारांवरही घर चालत होतं, जरा ओढून. मामी माहेरी गेल्या नाहीत. जेवायला तेवढ्या जात.

एका पौर्णिमेला मीही वाडीला गेलो होतो. देवदर्शनाला नव्हे, तिथे वाटायला माझ्याकडे काही कागद होते. परत येताना मामांच्या गाडीत तीन गिऱ्हाइकं होती आणि चौथा मी, फुकट. शिरोळ मागे टाकलं, तिन्हीसांज झाली, मामांनी दिवे लावले. उसाच्या शेताजवळ एक म्हातारी हातात प्रसादाची पुडी घेऊन उभी होती. तिची बस चुकली होती. मामांनी गाडी थांबवली, तिच्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे.

"उतर," ते म्हणाले.

मी म्हटलं, मामा, मी तुमचा भाचा आहे.

"व्हय की. पर भाच्यालाबी वजन असतंय."

तत्त्वतः ते बरोबर होतं. मी उतरलो, म्हातारीला हात देऊन माझ्या जागेवर बसवलं. शेतातल्या वाटेने उसाची एक बैलगाडी रस्त्यावर येऊन अगदी समोर थांबली होती. मामांची गाडी तिच्या बाजूने निघून गेली. उजेड रस्त्यावर अंथरल्यासारखा पुढे पुढे जात राहिला.

गाडीवानाने बैल रस्त्याला घेतले आणि मला विचारलं की ही कुणाची मोटार, बैल बुजले नाहीत ते. एरवी मोटारींच्या उजेडाने बैल चरात उतरतात, म्हणाला. मी सांगितलं, माझ्या मामांची.

"मग तुमी खाली कसं?"

"वजन जास्त झालं," मी म्हटलं.

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पाप्याचं पितर म्हणावं तसा मी तेव्हा होतो. उसावर बसायला त्याने मला जागा दाखवली आणि जयसिंगपूर स्टेशनापर्यंत नेऊन सोडलं.